‘येऊन पाहा’ : ख्रिस्ती माणूस आपला विश्वास दुसऱ्याला का सांगतो?

ऑफिसात डबे उघडले होते. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने भाजीची वाटी पुढे सरकवत सहज विचारलं, “काय रे, तुमच्यात सगळ्यांना सांगत सुटायचा नियमच आहे का? आमच्यात कुणी म्हणत नाही, हिंदू हो म्हणून.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न रास्त होता. नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढूनही मी तो स्वतःला कधी नीट विचारला नव्हता.

सुरुवात शब्दापासून करू. आमच्या मंडळीत ‘धर्मप्रचार’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. ‘सुवार्ता’ आणि ‘साक्ष’ हे दोन शब्द मात्र सारखे कानावर पडतात. मराठी बायबलमध्ये येशूच्या चार चरित्रांना ‘शुभवर्तमान’ म्हणतात, म्हणजे चांगली बातमी. मूळ ग्रीक शब्द ‘युआंगेलिऑन’. तो ख्रिस्ती लोकांनी घडवला नाही, बाजारात चालत असलेलाच उचलला. लढाई जिंकल्याची खबर म्हणजे युआंगेलिऑन. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रीएने या गावी इसवी सनापूर्वी ९ सालचा एक शिलालेख सापडला आहे. त्यात रोमन सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसाबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला आहे. अशा जगात काही कोळी आणि एक जकातदार उठून सांगू लागले, की खरी सुवार्ता सम्राटाची नाही, क्रुसावर मारलेल्या एका सुताराची आहे. ऐकणाऱ्यांना ते किती चमत्कारिक वाटलं असेल!

बातमी आणि उपदेश यांत फरक आहे. उपदेश तुम्ही काय करायला हवं ते सांगतो, बातमी काय घडलं ते सांगते. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली की आपण आळीभर पेढे वाटतो. ते शेजाऱ्याचा मुलगा पास व्हावा म्हणून नसतात. आनंद घरात मावत नाही म्हणून वाटतो. एखाद्याला मधुमेह असला आणि तो नको म्हणाला, तर पेढा त्याच्या तोंडात कोंबत नाही. ख्रिस्ती साक्षीमागची मूळ भावना मला या पेढ्यांच्या जवळची वाटते. प्रत्यक्षात ती नेहमीच तशी राहिली असं मात्र नाही, आणि त्याबद्दलही पुढे लिहायचं आहे.

मग ही बातमी तरी काय? थोडक्यात अशी : माणूस देवाला शोधत निघण्याआधी देवच माणसाला शोधत निघाला. येशूच्या जगण्यात, मरणात आणि पुनरुत्थानात देवाने माणसाशी तुटलेलं नातं स्वतःहून जोडलं. क्षमा कमवावी लागत नाही, ती मिळते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू हे तीन गोष्टींतून सांगतो. शंभरांतलं एक मेंढरू हरवतं. दहांतलं एक नाणं हरवतं. दोघांतला एक मुलगा घर सोडून जातो. मेंढपाळाला मेंढरू सापडतं, बाईला नाणं सापडतं, आणि दोघंही आधी काय करतात, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतात. माझ्याबरोबर आनंद करा, म्हणतात. म्हणजे आमंत्रण ही नंतर चिकटवलेली गोष्ट नाही, ती कथेच्या पोटातच आहे.

तिसऱ्या गोष्टीचा शेवट मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. उधळ्या मुलगा परत आल्यावर घरात जेवण चाललेलं असतं आणि मोठा भाऊ रुसून अंगणात उभा असतो. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. हाताला धरून ओढत नाही आणि दारही लावून घेत नाही. तो भाऊ शेवटी आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. गोष्ट तिथेच थांबते.

आता ‘नियम आहे का’ या माझ्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. हो, आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू गालीलातल्या एका डोंगरावर अकरा शिष्यांना भेटतो. बारावा यहूदा, येशूला धरून देणारा, तो उरलेला नाही. येशू त्यांना म्हणतो, जा आणि सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. चर्चच्या भाषेत ही ‘महान आज्ञा’. पण त्याच प्रसंगात एक वाक्य असंही आहे, की त्यांच्यातल्या काहींना संशय वाटला. प्रत्यक्ष समोर उभा असूनही! म्हणजे हे काम सगळं पटलेल्या, सगळं कळलेल्या माणसांवर सोपवलेलं नव्हतं.

ग्रीक व्याकरण पाहिलं तर त्या वाक्यात मुख्य क्रियापद एकच आहे : ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने दीक्षा देणं, शिकवणं ही त्याला जोडलेली धातुसाधितं आहेत. आणि शिष्य म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. गुरूजवळ राहून, चुकत, वर्षानुवर्षं शिकतो तो शिष्य. रजिस्टरात नाव चढवून शिष्य होत नाही. नंतरच्या काळात मिशनांनी किती बाप्तिस्मे झाले याचे तक्ते करून पाठवले, तेव्हा आज्ञेतला हा मुख्य शब्दच मागे पडला असं मला वाटतं.

दुसरा शब्द साक्ष. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो, तुम्ही माझे साक्षी व्हाल, यरुशलेमात, यहूदियात, शोमरोनात आणि पृथ्वीच्या शेवटापर्यंत. कोर्टात साक्षीदाराचं काम काय असतं? पाहिलं ते सांगायचं. युक्तिवाद वकील करतो, निकाल न्यायाधीश देतो. साक्षीदार वकिली करायला लागला की त्याची साक्ष पातळ होते, आणि निकाल द्यायला लागला तर त्याला खाली बसवतात. ‘साक्षी’साठीचा ग्रीक शब्द ‘मार्तुस’. सुरुवातीच्या काळात इतके साक्षीदार मारले गेले की पुढे त्याच शब्दाला ‘हुतात्मा’ हा अर्थ येऊन चिकटला.

नवीन करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागातला, माझा सगळ्यांत आवडता प्रसंग दोन वाक्यांचा आहे. फिलिप्प नथनेलाला सांगतो की आम्हाला नासरेथचा येशू सापडलाय. नथनेल नाक मुरडतो, नासरेथातून काही चांगलं निघतं होय? फिलिप्प वाद घालत नाही. म्हणतो, “येऊन पाहा.” बस.

याच नावाचा दुसरा एक फिलिप्प पुढे गाझाच्या वाटेवर एका इथिओपियन अधिकाऱ्याला भेटतो. तो अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत चाललेला असतो. फिलिप्प धावत जाऊन विचारतो, वाचताय ते समजतंय का? अधिकारी म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल, आणि त्याला वर बसवून घेतो. बोलणं होतं. वाटेत पाणी लागतं तेव्हा अधिकारी स्वतःच म्हणतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? तो झाल्यावर फिलिप्प दिसेनासा होतो आणि अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने जातो. त्याचा पत्ता कुणी लिहून घेत नाही. तो कुठल्या मंडळीचा झाला याचीही नोंद नाही.

हे सांगायचं कारण, मराठी ख्रिस्ती इतिहासातही अशीच एक भेट आहे. कवी नारायण वामन टिळक १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. संस्कृत काव्यावर बोलणं निघालं, ते धर्मापर्यंत गेलं. उतरण्याआधी त्या माणसाने टिळकांना नवीन कराराची प्रत दिली आणि वाचायचं वचन घेतलं. टिळकांनी वाचलं, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट सांगताना त्या प्रवाशाचं नाव सहसा कुणी घेत नाही. फिलिप्पासारखाच तोही दिसेनासा झाला.

पण टिळकांच्या बाबतीत गोष्ट आनंदाने आपल्या वाटेने गेली, असं म्हणता येत नाही. घर दुभंगलं. लक्ष्मीबाईंना तो घाव किती खोल बसला, हे त्यांच्या स्मृतिचित्रांत ज्यांनी वाचलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नवऱ्यापासून त्या काही वर्षं दूर राहिल्या. नंतर नगरला त्याच्याजवळ आल्या तरी आधी आपलं सोवळं सांभाळूनच राहिल्या. जातिभेद देवाने केले नसून माणसांनी केले, हे मनाला पटलं तेव्हा त्या बदलल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एकाची सुवार्ता दुसऱ्याच्या दारात वाईट बातमी होऊन येते, हे साक्ष देणाऱ्याने कधी विसरू नये. आमच्या प्रवचनांतून हा भाग सहसा गाळला जातो.

इथे मित्राच्या प्रश्नाचा खरा गाभा येतो. बोलावणं आपल्याकडेही आहेच. तुकोबा लहानथोरांना, कुठल्याही जातीच्या बायाबापड्यांना हाक मारतात. मग त्या हाकेने कुणाचं घर का फुटत नाही? कारण माळ घातलेला वारकरी घर, नाव, नातीगोती यांतच राहतो. बाप्तिस्मा घेतलेला माणूस मात्र १९व्या शतकात अक्षरशः घराबाहेर पडायचा. जेवण वेगळं, पंगत वेगळी, बहुतेकदा मिशनच्या आवारातली खोली. हे बाप्तिस्म्यात मुळातच होतं का?

नव्हतं. उलट ख्रिस्ती मंडळीतलं पहिलं मोठं भांडण याच मुद्द्यावर झालं. सुरुवातीचे सगळे शिष्य यहुदी. परकी माणसं येशूमागे येऊ लागली तेव्हा काहींनी आग्रह धरला, की आधी सुंता करा, आमचे नियम पाळा. इसवी सन ५० च्या सुमाराला यरुशलेमात बैठक भरली, आणि पेत्र, पौल, याकोब यांच्या तोंडून निर्णय झाला की नाही, ते ओझं त्यांच्यावर घालायचं नाही. म्हणजे बोलावणं ख्रिस्ताकडे होतं, यहुदी होण्याकडे नव्हतं. त्याच न्यायाने ते युरोपियन होण्याकडेही असायला नको होतं.

ते विसरलं गेलं. गोव्यात तर फार वाईट रीतीने विसरलं गेलं. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीची एक कथा आहे. आमंत्रित पाहुणे येत नाहीत म्हणून यजमान चाकरांना रस्त्यावरच्या गरिबांना, लंगड्या-आंधळ्यांना आणायला सांगतो. शेवटी म्हणतो, त्यांना आग्रह करून आत आणा. हा आग्रह आपल्याकडच्या पंगतीतला, ‘अहो, एक तरी घ्याच’ म्हणणारा. पण त्यातल्या शब्दाचा अर्थ ‘भाग पाडा’ असाही लावता येतो. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने आपल्याशी फुटलेल्या ख्रिस्ती गटावर सरकारी बळ वापरण्याच्या समर्थनाला तो तसाच लावला. पंगतीतल्या आग्रहाचा असा दंडुका झाला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय आलं, त्याच दशकात दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातली देवळं पाडली गेली.

आणि त्याच साष्टीत १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा जेजुइट संघाचा इंग्रज पाद्री गोव्याला येऊन पुढे आयुष्यभर राबला. नव्या ख्रिस्ती लोकांची तक्रार होती की आमची जुनी पुराणं गेली, आता वाचायचं काय? त्याने बायबलची कथा मराठी ओवीत रचली, जवळजवळ अकरा हजार ओव्या. स्वर्गाला तो बेलाशक वैकुंठ म्हणतो. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, तेच क्रिस्तपुराण. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण मराठी दिनाला हौसेने म्हणतो. मलाही त्या आवडतात. पण त्या म्हणताना पुराण मागणाऱ्यांची आधीची पुराणं कुणी हिरावली, हा प्रश्न गिळून टाकणं मला जमत नाही. एकाच चर्चचे दोन हात, एकाच तालुक्यात.

इंग्रजी अमलात जबरदस्ती नव्हती, पण दुसरा पेच होता. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये नगरला आले. शाळा, छापखाने, दवाखाने निघाले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. दुष्काळांत मिशनांनी अनाथांना पोसलं. मग ज्याच्या हातात भाकरी आहे त्याच्याच हातात बायबल असेल, तर ऐकणाऱ्याचा होकार कितपत त्याचा स्वतःचा? दुसरी बाजूही सांगायला हवी. गावकुसाबाहेरच्या कितीतरी महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्म्यात पोटाची सोय पाहिली असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. विहिरीवर येऊ न देणाऱ्या गावात कुणी त्यांना नावाने हाक मारली आणि शेजारी बसवलं. बातमी चांगली वाटायला तेवढं पुरेसं होतं.

या पेचाचं सगळ्यांत स्पष्ट चित्र म्हणजे पंडिता रमाबाईंचं दार. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असं ठरलेलं होतं. ते पाळलंही जात होतं. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला. दार लावून घेणार नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीवाले सल्लागारही बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. गंमत अशी, की काही मिशनरी तोवर त्यांना पुरेशा ख्रिस्ती नाहीत म्हणून नावं ठेवत होते.

उघडं दार म्हणजे प्रचार का? मी रमाबाईंच्या बाजूने आहे. आपल्या घरात आपल्या देवाला हाक मारताना कडी लावायला सांगणं हा जुलूमच. तरीही एक टोचणी राहते. ज्या मुलीला माहेर नाही, सासर नाही, जिच्या डोक्यावरचं छप्पर याच बाईचं, ती त्या दारातून किती मोकळ्या मनाने आत जात होती, आणि किती मोकळ्या मनाने बाहेर राहू शकत होती? हा प्रश्न रमाबाईंच्या हेतूंवर नाही. देणारा आणि घेणारा यांच्यातल्या उंचीच्या फरकावर आहे.

चर्चनेही यावर उशिरा का होईना विचार केला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला : श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजबरी नको. २०११ मध्ये तर व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल मंडळ्यांची जागतिक संघटना यांनी मिळून साक्ष कशी द्यावी याचं एक छोटं निवेदन केलं. एरवी ही मंडळी एका टेबलावर क्वचितच बसतात. माणसाच्या गरिबीचा फायदा घेऊ नये, आमिष दाखवू नये, दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल खोटं बोलू नये, धर्म बदलू पाहणाऱ्याला विचाराला पुरेसा वेळ द्यावा, असं त्यात आहे. गाडीत पत्रकं वाटताना दुसऱ्यांच्या देवांना शिव्या घालणारा प्रचारक मीही पाहिलाय. त्याने हे पान वाचलेलं नसावं. पेत्राचं पहिलं पत्रही वाचलेलं नसावं. त्यात लिहिलंय, तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो, कारण गैरसमज बराच आहे. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ‘प्रसार’ या शब्दावर बरीच खडाजंगी झाली. तो राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुनशी होते. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर ख्रिस्ती वकिलांची नाराजी आहे आणि तिला कारणंही आहेत. पण ईश्वरविद्येच्या बाजूने पाहिलं तर मला त्यात फार वावगं दिसत नाही. एका माणसाने दुसऱ्याचं मन फिरवावं, अशी कल्पना बायबलातही नाही. ते काम पवित्र आत्म्याचं. माणसाकडे फक्त साक्ष.

व्यवहारात बहुतेक मराठी ख्रिस्ती माणसं चौकात उभी राहून कधीच बोलत नाहीत. वसईच्या कॅथलिकांच्या मासिकाचं नाव ‘सुवार्ता’. त्याचे बरीच वर्षं संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या आंदोलनात पुढे होते, तिथल्या विहिरी आणि वाड्या वाचाव्यात म्हणून. माझी आजी गल्लीत कुणी आजारी पडलं की जाऊन बसायची. उठताना विचारायची, “प्रार्थना केली तर चालंल का?” कुणी हो म्हणायचं. कुणी नको म्हटलं तर ती त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायची. नंतर त्या नकाराचा विषय तिने घरी कधी काढलेला मला आठवत नाही.

टिळकांना हा पेच शेवटपर्यंत छळत राहिला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. मग तो पूल पाडायचा कशाला? त्यांनी भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. घर, नाव, नातं न सोडता माणसाला येशूमागे चालता यावं, ही त्यामागची धडपड. मिशनमधल्या अनेकांना ते पचलं नाही. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. भजनं राहिली. नगरकडच्या चर्चमध्ये रविवारी अजून पेटी-तबल्यावर ती म्हणतात, आणि नाताळात दार उघडं असलं की बाहेरून जाणारा एखादा माणूस चाल ओळखीची वाटून उंबऱ्याशी थांबतो.